वायफायपुरता मुक्काम

ती पहिल्यांदा ओसरीच्या पायरीशी आली, तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊनच बाहेर गेले. मेंढपाळाची पोर दारात आली म्हणजे पाणी मागायला आली, असं आमच्याकडं धरूनच चालतात. ही मात्र तांब्याकडं बघेचना. अंगात शाळेचा निळा फ्रॉक, त्यावर बापाचा स्वेटर, काखेत एक कोकरू आणि दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. माझ्या डोक्यावरून वर बघत ती म्हणाली, "आजी, तुमच्यात नेट हाय का?"

"आजी कुणाला म्हणतेस गं? अजून सगळे दात शाबूत आहेत माझे," मी म्हटलं.

ती हसली नाही. भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडं बोट करून म्हणाली, "त्यो हाय म्हंजी नेट असनार."

खरं होतं तिचं. माझा मुलगा हिंजवडीत कंपनीत आहे. आमच्या रिहे खोऱ्यापासून हिंजवडी काय लांब आहे का? सकाळी निघाला तर दुसऱ्या चहाला घरी पोचेल. पण त्याला सवड नाही. नवरा गेल्यावर त्यानं दोन माणसं पाठवली. त्यांनी खांबावरून केबल ओढली, घरात वायफाय बसवलं आणि ओसरीवर कॅमेरा लावला. "आई, आता मी तुला कधीही बघू शकतो," असं तो फोनवर मोठ्या कौतुकानं म्हणाला. बघ बाबा. मी त्याला कुठं बघायचं, ते काही त्यानं सांगितलं नाही.

मेंढपाळांचं असं, की दिवाळीनंतर भाताची कापणी-झोडणी उरकली, की पूर्वेकडच्या कोरड्या भागातले कळप आमच्या खोऱ्यातून कोकणात उतरतात. वाटेत जो बोलावील त्याच्या खाचरात मेंढरं बसवतात. रात्रभर कळप शेतात बसला, की लेंड्यांचं खत जागच्या जागी मिळतं. त्याबद्दल आपण तांदूळ द्यायचे. दोन-तीन रात्रींचं काम असतं. हे कुटुंब माझा नवरा होता तेव्हापासून आमच्याकडं उतरायचं. नवरा-बायको, ही एक मुलगी आणि सामान लादलेलं घोडं, एवढंच बिऱ्हाड. आता आजूबाजूची खाचरं बंगलेवाल्यांनी घेतलीत. त्यांच्या गेटांना आठवडाभर कुलूप असतं, आणि उघडतात तेव्हा गाणी एवढ्या मोठ्यानं लावतात की माझ्या फडताळातली भांडी थरथरतात. ज्यांनी जमिनी विकल्या ती आमची माणसं पिरंगुटला फ्लॅटमध्ये गेली. बोलायचं म्हटलं तर चिटपाखरू नाही. म्हणून मेंढरं आली की मला बरं वाटायचं. खत हे नुसतं निमित्त होतं, पण हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

फडक्यातून टॅब निघाला. तिच्या गावच्या शाळेतल्या सरांनी दिलेला. पोरगी सातवीत होती. दिवाळी झाली की शाळा तिथंच राहते आणि ही बिऱ्हाडाबरोबर वाटेला लागते, म्हणून सरांनी तिचं नाव एका संस्थेच्या ऑनलाइन कोर्सला घातलं होतं. गणित आणि विज्ञान. जिथं नेट मिळेल तिथं धडे उतरवून घ्यायचे आणि वाटेत बघायचे. आठवड्यातून एकदा पुण्याहून एक ताई पडद्यावर येऊन सगळ्या मुलांना एकदम शिकवायची. शेवटी परीक्षा. त्यात पास झालं तर एका वसतिगृहाच्या शाळेत जागा, दहावीपर्यंत राहणं, खाणं, शिकणं फुकट.

"आणि नाही झालीस पास तर?" मी विचारलं.

"मंग मेंढरं," ती म्हणाली आणि पायरीवर बसून पासवर्ड काय, म्हणून विचारायला लागली.

पासवर्ड माझ्या नवऱ्याचं नाव होतं. मी ते तोंडानं घेतलं नाही. लग्न झाल्यापासून कधी घेतलं नव्हतं. मुलानं कागदावर लिहून फ्रीजला चिकटवलं होतं, तो कागदच आणून तिच्यापुढं धरला. ती वाचून हसली. त्या दिवसातलं तिचं पहिलं हसू ते.

मग रोज दुपारी ती यायची. मेंढरं बापाबरोबर रानात गेली, आईला पाणी भरून दिलं, की टॅब घेऊन हजर. मी आपली सुपात तांदूळ घेऊन बसायचे. खडे काही नसायचे त्यात, पण नुसतं बसलेलं बरं दिसत नाही. टॅबवरची बाई अपूर्णांक शिकवायची, गोड आवाजात, ठासून ठासून. मध्येच थांबून "कळलं का?" म्हणायची. तर ही मान डोलावून "व्हय" म्हणायची. धडा संपल्यावर बाई म्हणायची, "चला, पुन्हा भेटू," की ही म्हणायची, "या."

"अगं, ती काय पाहुणी आहे का? रेकॉर्ड केलेलं आहे ते," मी म्हटलं.

"म्हायती हाय मला," ती म्हणाली. "पन त्या एवढ्या बोलल्या. तसंच कसं सोडायचं?"

बाई गं! माझ्या घरी टीव्ही दिवसभर चालू असतो आणि मी त्याला काय काय बोलते, ते तिला सांगितलं असतं तर तिला फार नवल वाटलं नसतं.

त्या ताईचा तास होता त्या दिवशी मात्र भलतंच झालं. पडद्यावर चौकटीच चौकटी, प्रत्येकीत एक पोर. ताईनं हिला काहीतरी विचारलं, हिनं तोंड उघडलं आणि नेमकं तेव्हाच मांडीवरचं कोकरू ओरडलं. सगळी पोरं खिदळली. कुणीतरी तसाच आवाज काढून दाखवला. हिनं पटकन कॅमेरा बंद केला आणि खाली मान घालून बसली. माझं डोकं फिरलं. मी सूप टाकून उठले, तिच्या हातातून टॅब घेतला, तो कॅमेरा पुन्हा कसा चालू झाला देव जाणे, आणि म्हटलं, "ए, हसायला काय झालं रे? तुमच्या घरात काय नुसती माणसंच राहतात? मुडदे बशिवले मेल्यांचे!"

मग ती ताई हळूच म्हणाली, "आजी, तुम्ही जरा बाजूला व्हाल का?"

त्याच वेळेला भिंतीवरच्या कॅमेऱ्यातून मुलाचा आवाज आला, "आई, कोणावर ओरडतेयस? आणि ती मुलगी कोण?" ही एवढी दचकली, की कोकरू मांडीवरून खाली पडलं. एरवी फोन करायला सवड नसलेला मुलगा त्या दिवशी बरा बघत बसला होता. मी कॅमेऱ्याकडं तोंड करून सांगितलं, "माझ्याकडं शिकायला आलीय. तू तुझं काम कर." नंतर माझीच मला गंमत वाटली. शिकवत होते मी काय? डोंबल! पण पुढच्या तासाला तिच्या मागं मी माझी चांगली चादर बांधली, कोकरू माझ्या मांडीवर घेतलं, आणि ताईनं विचारल्यावर ती बोलली. आवाज बारीक होता, पण बोलली.

दोन-तीन रात्रींचा मुक्काम त्याआधीच, पहिल्या तासानंतर लगेच संपला होता. परीक्षा अजून लांब होती, आणि खाली कोकणात ज्या बाजूला त्यांना जायचं होतं तिथं फोनलासुद्धा धड रेंज नसते, मग टॅबचं काय घ्या. परीक्षा कॅमेरा चालू ठेवून द्यायची होती, मध्ये नेट तुटलं की संपलं. बाप निघायची भाषा करायला लागला. मी म्हटलं, "दादा, वरच्या खाचरात बसवा ना आता." वरचं झालं, मग बांधालगतचं. तेही झालं. मी म्हटलं, "पहिल्या खाचरात परत बसवा."

त्यानं डोक्यावरचा फेटा काढून परत बांधला. "वैनी, लई व्हतंय. भात माजंल तुमचं."

"माझं मी बघते. तुम्ही बसवा."

मला काय कळत नव्हतं? शेतकऱ्याची लेक आणि शेतकऱ्याची बायको मी. खत जास्त झालं की भात नुसतं पाल्यात वाढतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि झालंही तसंच. पुढच्या पावसाळ्यात त्या खाचरातलं इंद्रायणी छातीला लागलं, हिरवंगार, येणारे-जाणारे थांबून बघायचे. आणि लोंब्या भरायच्या आधीच एका वाऱ्यात सगळं आडवं झालं. वर्षाचे तांदूळ मी पौडच्या दुकानातून विकत आणले. मुलगा म्हणाला, "आई, तुला इतकं कळू नये?" त्याला सांगून तरी काय, त्या कॅमेऱ्यात खाचर दिसत नाही.

तेवढं करूनही दिवस पुरले नाहीत. रानातलं गवत संपलं, पुढचे कळप घाट उतरून गेले, मेंढरं उपाशी ओरडायला लागली. एका सकाळी त्यांनी घोड्यावर सामान लादायला घेतलं. पोरगी भांडी आवळून बांधत होती, कुणाकडं न बघता. मी चपला घालून खाचरात गेले आणि तिच्या आईला म्हटलं, "हिला ठेवून जा माझ्याकडं. परीक्षा झाली की दादा येऊन घेऊन जातील."

ती बाई कमी बोलायची. इतकी वर्षं यायची, पण माझं-तिचं बोलणं म्हणजे तांदूळ मोजून घेतले-दिले एवढंच. तिनं नवऱ्याकडं बघितलं, मग मुलीकडं बघितलं. पोरीनं दोरी सोडली होती हातातली. "ऱ्हाऊ द्या हिला," आई म्हणाली, आणि मुलीच्या पायाशी घुटमळणारं कोकरू उचलून घेऊन चालायला लागली.

ते थोडे दिवस माझ्या घरात माणूस होतं. खोटं कशाला सांगू, फार सुखाचे गेले. किती दिवसांनी मी पीठ जास्त मळलं. सकाळी उठले की आतून कुणीतरी पाढे म्हणतंय. तिला माझी गादी मऊ लागायची, ती खाली घोंगडीवर झोपायची, आणि झोपेत मेंढरांना हाकारे घालायची. दुपारी धडा सुरू झाला की मीही चष्मा लावून बसायचे. अकरावीला शाळा सोडली तेव्हा गणित माझ्यापुढून उठून गेलं होतं, ते परत येऊन बसलं. एका गणिताचं उत्तर तिच्या आधी माझं आलं तर ती रुसून बसली. "तुमाला काय परीक्षा हाय व्हय?" म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी सकाळीच ताईचा फोन आला. बापाचा नंबर लागत नव्हता, म्हणून पोरीनं माझा दिला होता. ताईनं बजावलं, की खोलीत दुसरं कुणी असता कामा नये. म्हणजे मी. मागच्या वेळचा प्रताप विसरली नव्हती वाटतं. मी बाहेर बांधावर जाऊन बसले. खिडकीतून तिची पाठ दिसत होती आणि एक वेणी. मध्येच ती पाठ एकदम ताठ झाली, मग कितीतरी वेळ हललीच नाही. माझा जीव टांगणीला. लाइट गेली असेल का, नेट गेलं असेल का, तोंडाला कुलूप लागलं असेल का. देवाला म्हटलं, एवढं कर, मग माझ्याकडं लक्ष दिलं नाहीस तरी चालेल.

ती बाहेर आली. "झालं," म्हणाली.

"कसं गेलं?"

"काय म्हायती. ताई शेवटी हसल्या."

"चांगलं हसल्या की वाईट?"

"हसल्या एवढंच," ती म्हणाली आणि मी जेवायला चल म्हटलं तेव्हा आत गेली.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे बाप आला. चहा प्याला, पोरीला आणि टॅबला घेऊन एसटीनं गेला. जाताना तिनं वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "आजी, टीव्ही बारीक लावत जा. लांबपत्तुर ऐकू येतो." संध्याकाळी मी मळलेल्या पिठातलं निम्मं तसंच राहिलं. ते गाईला घालायचं म्हटलं तर गाय कुठं आहे आता. मी भिंतीला टेकून रडले. कॅमेरा ओसरीवर आहे, आत नाही, तेवढं बरं.

निकाल माझ्या फोनवर आला. पोरगी पास झाली होती, जागा मिळाली होती. खाली लिहिलं होतं, की आई-वडिलांपैकी एकानं त्या आठवड्यात फोनवर होकार द्यायचा, नाहीतर जागा दुसऱ्या मुलाला जाईल. मी बापाचा नंबर लावला. बंद. दुसऱ्या दिवशी बंद. तिसऱ्या दिवशी मी मुलाला फोन केला, म्हटलं गाडी घेऊन ये, खाली जायचंय. तो म्हणाला, "आई, प्रोजेक्टचं रिलीज आहे गं या आठवड्यात. मेसेज टाकून ठेव ना त्यांना." कपाळ माझं! मी पौडला जाऊन माणगावची एसटी पकडली.

घाट उतरून खाली गेल्यावर उकाड्यानं जीव नकोसा झाला. बापानं गावाचं नाव सांगितलं होतं, तेवढ्यावर विचारत विचारत गेले. "मेंढरंवाले कुठं उतरलेत?" असं दिसेल त्याला विचारायचं. लोक माझ्या पायांकडं बघायचे, मेंढपाळाची वाटत नाही ही बाई. शेवटी एका आंब्याच्या बागेत ते घोडं दिसलं. बिऱ्हाडापाशी आई एकटीच होती, तीन दगडांच्या चुलीपुढं भाकरी थापत. बाप-लेक मेंढरांमागं गेले होते.

ती मला बघून उभी राहिली. "काय झालं, आक्का?"

"काही नाही झालं. पास झाली तुझी पोरगी."

ती परत खाली बसली. हातातली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मी सगळं सांगितलं, वसतिगृह, शाळा, खाणं-पिणं, होकार. ती ऐकत होती का नव्हती, कळेना.

"दहावीपत्तुर?" तिनं विचारलं.

"हो. सुट्टीला येईल की. दिवाळीला, उन्हाळ्यात."

"दिवाळीला आमी निघालेलो असतो. उन्हाळ्यात परतीच्या वाटंला." तिनं भाकरी उलटली. "आक्का, तुमचा ल्योक कवा येतो?"

तिच्यापुढं खोटं बोलवेना. "दसऱ्याला आला होता," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मग चुलीकडं बघतच म्हणाली, "हे दिसभर मेंढरांमागं असत्यात. गाव बदलतं, मानसं बदलत्यात, वळख पाळख न्हाई कुनाची. माज्यासंगं बोलाया हीच हाय."

तेव्हा मला लख्ख कळलं, मी एवढं ऊन खात कशासाठी आले होते ते. माझ्यासारखी आणखी एक बाई करायला आले होते. वाटलं, म्हणावं, राहू दे, नको पाठवू. निघेचना तोंडातून. कारण ती पाठ ताठ करून बसलेली पोर मी खिडकीतून बघितली होती.

आईनं हात धुतले, पदराला पुसले. "लावा फोन."

रेंज बागेच्या टोकाला विहिरीच्या कठड्यावर मिळाली. ताईनं विचारलं, "मुलीला पाठवायला तुमची तयारी आहे ना?"

"व्हय," आई म्हणाली. एवढंच, पण मोठ्यानं, लांबच्या माणसाला हाक घालावी तसं.

ताई म्हणाली, मुलांना दर रविवारी घरी फोन करू देतात, पण एकाच नंबरवर. कुठला लिहू? नवऱ्याचा फोन नवऱ्याजवळ, नवरा मेंढरांमागं, आणि मेंढरं रेंज नाही तिथं. आईनं माझ्याकडं बोट केलं. "आक्कांचा लिवा. तितं लागतो."

मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची एवढी लाज वाटली की मी विहिरीत बघत राहिले. फोन माझ्या हातात देताना ती म्हणाली, "जेवली का, तेवढं इचारत जा, आक्का. तिला भूक लागलेली कळत न्हाई."

आता दर रविवारी फोन येतो. पोरगी पहिल्यांदा अभ्यासाचं सांगते, मग मैत्रिणींचं. शेवटी आवाज बारीक करून दर वेळी विचारते, "आजी, आईचा काय निरोप?"

आईकडून काहीच आलेलं नसतं. ती कुठल्या रानात असेल, मलाही ठाऊक नसतं. मी म्हणते, "विचारत होती, जेवलीस का?"

"जेवले म्हनावं," ती म्हणते.